लातूरचा दम लेहला का पुरत नाही? उंचीवर पळण्याचं साधं गणित

ज्यांना अख्खा भाग ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी तो लिहून काढलाय. बोलताना येणारे "म्हणजे बघा", "तर काय" थोडे कमी केलेत, बाकी बहुतेक सगळं तसंच ठेवलंय.

प्रश्न असा आला होता की अँडीज पर्वतात गाईडसोबत पळायच्या ट्रिपचं रील बघितलं. रोज थोडं थोडं अंतर पळायचं, रात्री तंबूत किंवा गावात मुक्काम, शेवटी माचू पिच्चू. आपल्यासारख्या नांदेड-लातूरच्या पोरांना हे जमेल का? आणि पेरूचं तिकीट परवडत नसेल तर आपल्याकडे असं काही आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. हो, आहे. लडाख. पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र हा अख्खा भाग लागणार आहे. "जमेल का" हे पायांवर जेवढं अवलंबून आहे, त्यापेक्षा जास्त तुमच्या कॅलेंडरवर आहे. ते कसं, हे शेवटापर्यंत कळेल.

अँडीज आणि लेह एकाच मजल्यावर

अँडीजमधल्या बहुतेक ट्रिप कुस्को शहरातून सुरू होतात. ते साधारण ३,४०० मीटरवर आहे. आपलं लेह ३,५०० मीटरवर. इंका ट्रेलची प्रसिद्ध चार दिवसांची वाट साधारण ४२-४३ किलोमीटरची आहे आणि तिच्यावरची सगळ्यात उंच खिंड ४,२१५ मीटरवर आहे. गंमत म्हणजे जिथे पोचायचं ते माचू पिच्चू कुस्कोपेक्षा जवळपास हजार मीटर खाली आहे, २,४३० मीटरवर.

आता लडाख बघा. २०१२ पासून लेहमध्ये दर सप्टेंबरच्या सुमारास लडाख मॅरेथॉन होते. तिच्यातच खारदुंगला चॅलेंज नावाची ७२ किलोमीटरची शर्यत आहे. खारदुंग गावातून, म्हणजे सुमारे ४,००० मीटरवरून, अंधारात पळायला सुरुवात. मग खारदुंगला खिंडीपर्यंत चढ आणि तिथून उतरत उतरत लेहच्या बाजारात. खिंडीवरच्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेला फोटो तुम्ही शंभर वेळा बघितला असेल. प्रत्यक्ष मोजणीत ती उंची १७,५८२ फूट, म्हणजे सुमारे ५,३५९ मीटर निघते. पाटी थोडी फुगवून सांगत असली तरी ही खिंड इंका ट्रेलच्या सगळ्यात उंच जागेपेक्षा अकराशे मीटरहून अधिक वर आहे. थोडक्यात, अँडीजचा अनुभव हवा म्हणून समुद्र ओलांडायची गरज नाही. धोकाही घरबसल्या तेवढाच मिळतो, किंबहुना जास्त.

आणि मराठी माणूस तिथे पळून आलाय. लडाखमध्येच ला अल्ट्रा नावाची एक शर्यत २०१० मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी अंतर २२२ किलोमीटर होतं, पुढे ते वाढत ५५५ किलोमीटरपर्यंत गेलं. पुण्याच्या आशिष कासोदेकरांनी २०१९ मध्ये ते ५५५ किलोमीटर पूर्ण केले. त्यानंतर याच माणसाने सलग ६० दिवसांत ६० मॅरेथॉन पळायचा गिनीज विक्रम केला. म्हणजे अशक्य काहीच नाही. फक्त हे शक्य कसं होतं, ते समजून घ्यायला पाहिजे.

हवेत ऑक्सिजन कमी असतो का?

इथे बहुतेक जण चुकतात. डोंगरावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण कमी होत नाही. नांदेडच्या वजिराबादेत असो की खारदुंगलावर, हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब.

हवेला वजन असतं. समुद्रकिनारी आपल्या डोक्यावर हवेचा पूर्ण ढीग असतो, त्यामुळे खालची हवा दाबून भरलेली असते. कापसाच्या गंजीत तळाचा कापूस गच्च बसतो आणि वरचा मोकळा राहतो, तसंच. वर गेलं की हवा मोकळी. श्वास तेवढाच मोठा घेतला तरी त्यात रेणू कमी.

आकड्यांत सांगतो. समुद्रसपाटीला एका श्वासात ऑक्सिजनचे १०० रेणू आले असं धरा. नांदेड साधारण ३६० मीटरवर आहे, तिथे ९६ येतील. लातूर बालाघाटच्या पठारावर, सहाशे मीटरच्या आसपास, तिथे ९३. महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, तिथे ८२. लेहला ६५. आणि खारदुंगलावर ५२-५३, म्हणजे जेमतेम निम्मे.

आता यातली कळसूबाईची ओळ परत वाचा. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. आपल्या अख्ख्या राज्यात तेवढी उंच जागाच नाही. सह्याद्रीत कितीही ट्रेक केले, हरिश्चंद्रगड दहा वेळा चढला, तरी उंचीवर आपलं शरीर कसं वागतं याची चाचणी महाराष्ट्रात होऊच शकत नाही. ट्रेकने पाय तयार होतात आणि ते फार उपयोगी आहे. पण रक्त तयार होत नाही.

आत काय काय बदलतं

उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन आठवा. तापला की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. तुम्ही कितीही टॅप करा, गेम अडकतच चालतो. फोन बिघडलेला नसतो, तो स्वतःला वाचवत असतो. उंचीवर शरीर तेच करतं. स्नायूंना मिळणारा ऑक्सिजन कमी झाला की वेग आपोआप खाली येतो.

किती खाली? पळणाऱ्याची ऑक्सिजन वापरायची जी कमाल क्षमता असते, ती साधारण १,५०० मीटरच्या वर दर हजार मीटरला अंदाजे दहा टक्क्यांनी घटते असा ढोबळ हिशेब आहे. लेहला सुमारे वीस टक्के घट धरा. म्हणजे लातूरला जो सहा मिनिटांत एक किलोमीटर निवांत पळतो, त्याला तेवढ्याच कष्टात लेहला साडेसात मिनिटं लागतील. घड्याळ बघून "आज माझं काहीतरी चुकतंय" म्हणत वेग वाढवला, की गडबड तिथेच सुरू होते.

शरीर मात्र गप्प बसत नाही. एकेक दुरुस्ती सुरू करतं आणि प्रत्येक दुरुस्तीला आपापला वेळ लागतो.

पहिल्या काही मिनिटांतच श्वास आणि नाडी वाढते. बसल्या जागी ठोके नेहमीपेक्षा जास्त लागतात.

पहिल्या एक-दोन दिवसांत एक अडचण येते. जास्त श्वासोच्छ्वासामुळे कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो आणि रक्त थोडं अल्कलीकडे झुकतं. त्यामुळे मेंदू श्वास मंद करायला सांगतो, विशेषतः झोपेत. म्हणून लेहमध्ये पहिल्या रात्री शेजारचा माणूस जोरात श्वास घेतो, मग काही सेकंद थांबतो, मग दचकून परत घेतो. बघणारा घाबरतो, पण हे तिथे नेहमीचं आहे. मूत्रपिंडं ही गडबड निस्तरायला जास्तीचं बायकार्बोनेट लघवीवाटे टाकतात. रात्री तीनदा उठावं लागलं तर वैतागू नका, यंत्रणा कामाला लागल्याची ती खूण आहे.

काही तासांतच मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरकही वाढवतात. ते हाडांतल्या मज्जेला सांगतं, तांबड्या पेशी वाढवा. पण आज सांगितलं आणि उद्या माल आला असं होत नाही. त्याचा खरा फायदा दिसायला काही आठवडे लागतात.

तर निचोड असा. श्वासाची दुरुस्ती काही दिवसांची, रक्ताची दुरुस्ती काही आठवड्यांची. यातलं काहीही पैसे देऊन, जिद्द दाखवून किंवा दुप्पट प्रोटीन खाऊन लवकर होत नाही.

"आपल्याला काय होतंय?"

आपल्याकडे हा एक मोठा गैरसमज आहे. "आपुन तर बेचाळीस डिग्रीत कापूस वेचलेली माणसं, आपल्याला काय होतंय?" नांदेड असो, लातूर असो, पहाटे पाचला कुठल्याही मैदानावर जा. पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरची तयारी करणारी शंभर पोरं दिसतील. पाय काटक, छाती भरलेली, मनाची तयारी पक्की. यात खोटं काही नाही.

पण उन्हाचा काटकपणा आणि उंचीचा काटकपणा ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही. उन्हात राहून शरीर घाम लवकर गाळायला शिकतं. पातळ हवेत कसं जगायचं ते त्यातून कळत नाही. आणि फिटनेस उंचीच्या आजारापासून वाचवत नाही, हे डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतात. उलट फिट माणूस पहिल्या दिवशी जास्त धावपळ करतो, म्हणून जास्त अडकतो. जिम न लावलेले काका हॉटेलात शांत चहा पीत बसलेले असतात आणि सोळाशे मीटर पाच मिनिटांत मारणारा पुतण्या डोकं धरून उलट्या करतो. हे अगदी होऊ शकतं.

हा त्रास जुना आहे. जोसे दे अकोस्ता या स्पॅनिश पाद्र्याने अँडीजमधली एक खिंड ओलांडताना झालेल्या उलट्या आणि जीव जाईल असं वाटणारी अवस्था १५९० च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. कारण पातळ हवा असावी, हा त्याचा अंदाजही बरोबर निघाला.

मग तिथली माणसं कशी राहतात? हजारो वर्षांत त्यांची शरीरंच तशी झालीत. त्यातही दोन तऱ्हा आहेत. अँडीजमधल्या लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिन बरंच वाढलेलं असतं. तिबेटी लोकांत ते तेवढं वाढत नाही, ते श्वास जास्त घेतात आणि रक्त घट्ट होऊ देत नाहीत. यामागे ईपीएएस१ नावाचं जनुक आहे. त्याचा तिबेटी प्रकार डेनिसोवन या लुप्त मानवगटाकडून आलाय, असं २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवलं.

इंकांच्या राज्यात चास्की नावाचे निरोपे याच डोंगरांतून पळत निरोप पोचवायचे. त्यांचं रील बघून आपल्याला वाटतं, एकटा माणूस शेकडो किलोमीटर पळायचा. प्रत्यक्षात ती रिले होती. एकाने थोडं अंतर पळायचं आणि पुढच्या चौकीवर निरोप दुसऱ्याच्या हवाली करायचा. उंचीवरच जन्मलेली माणसंसुद्धा अंतर वाटून घ्यायची, हे लक्षात ठेवा.

तीन आजार, एक उपाय

हा भाग सेव्ह करून ठेवा.

पहिला, उंचीचा साधा त्रास. डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं, थकवा, चक्कर. दारू न पिता झालेला हँगओव्हरच म्हणा. नियम असा की उंचीवर डोकं दुखतंय म्हणजे दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा. तिथेच थांबायचं, आणखी वर जायचं नाही. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं.

दुसरा, फुप्फुसांत पाणी होणं. बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला येतो, पुढे गुलाबी फेस येऊ शकतो, ओठ निळसर दिसतात. हा बहुतेक वेळा वर पोचल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, बऱ्याचदा रात्री गाठतो. पहिला दिवस मस्त गेला म्हणून सुटलो, असं नसतं.

तिसरा, मेंदूला सूज. माणूस असंबद्ध बोलतो, झिंगल्यासारखा चालतो. चाचणी सोपी आहे. जमिनीवर सरळ रेष धरून एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत चालायला लावा. तोल गेला तर वाद घालायचा नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आजारात माणूस काही तासांत दगावू शकतो. उपाय एकच, खाली उतरवणं, लगेच, रात्र असली तरी. ऑक्सिजन, इंजेक्शनं, औषधं हे सगळं उतरेपर्यंतचा वेळ मिळवून देतं. उतरण्याची जागा ते घेऊ शकत नाही. लेहमध्ये सोनम नुर्बू स्मारक रुग्णालय आहे, आणि तिथल्या डॉक्टरांना हे आजार नवे नाहीत.

डायमॉक्स या गोळीबद्दल बरेच जण विचारतात. मघाशी सांगितलेलं मूत्रपिंडांचं काम ही गोळी लवकर सुरू करून देते, म्हणून तिचा उपयोग होतो. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, आणि सोडा प्यायला तर त्यातला गॅस गेल्यासारखा लागतो. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे. मेडिकलवाल्या मित्राकडून पट्टी आणून स्वतःच सुरू करायची ही गोळी नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम. किनवट-माहूरकडे आणि विदर्भात सिकलसेल आढळतो. ज्यांच्यात हा दोष अर्धाच असतो, म्हणजे जे फक्त वाहक असतात, त्यांना एरवी काहीच जाणवत नाही. पण उंचीवर, त्यात जोराच्या व्यायामात, त्यांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो. घरात कुणाला सिकलसेल असेल तर जायच्या आधी रक्ततपासणी करा. सोबत हिमोग्लोबिनही बघा. ते आधीच कमी असेल तर वर जाऊन वाढेल या भरवशावर राहू नका.

९४ चा आकडा विसरा

कोरोनात आपण सगळे ऑक्सिमीटरचे डॉक्टर झालो होतो. ९४ च्या खाली गेलं की घरात रडारड. तोच ऑक्सिमीटर लेहला नेला तर पहिल्या दिवशी धडधाकट माणसालाही ८५ ते ९० दाखवतो. तिथे ते नेहमीचं आहे.

पण म्हणून निर्धास्तही राहायचं नाही. एकटा आकडा फार काही सांगत नाही. दोन गोष्टी बघायच्या. माझा आकडा रोज सुधारतोय की घसरतोय, आणि सोबतच्यांपेक्षा तो फारच खाली आहे का. आकडा ठीक आणि माणूस आजारी दिसत असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

गाईड कशासाठी असतो?

आपल्याला वाटतं गाईड म्हणजे वाट दाखवणारा. लेहच्या डांबरी रस्त्यावर वाट चुकणार कोण? गाईडचं खरं काम वेगळं आहे. तुम्ही "मी ठीक आहे" म्हणत असताना "नाही, आज तू उतरायचं" असं सांगायचं. कमी ऑक्सिजनमध्ये निर्णय घेणारा मेंदूच आधी गंडतो, म्हणून तो निर्णय दुसऱ्याच्या हातात असायला पाहिजे. त्या माणसाला शर्यत पूर्ण करायची हौस नसावी.

म्हणून अँडीज असो की लडाख, पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा.

पहिला, झोपायची उंची रोज किती वाढते? वैद्यकीय सल्ला असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्काम एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला आलात तर उत्तमच. पेरूतले चांगले गाईड विमानतळावरून पाहुण्यांना कुस्कोत न ठेवता आधी खालच्या उरुबांबा खोऱ्यात नेतात, ते याचसाठी. लडाखमध्ये हेच आल्चीसारख्या सिंधूकाठच्या गावात करता येतं. ते लेहपेक्षा काही शे मीटर खाली आहे.

दुसरा, सोबत ऑक्सिजन आणि खाली नेणारी गाडी असते का, आणि ती गाडी रात्रीही तयार असते का?

तिसरा, कुणी आजारी पडलं तर त्याच्यासोबत कोण उतरतं आणि बाकीच्यांचं काय होतं? एकच गाईड असेल तर दोन्ही अडचणीत येतात.

चौथा, मी मधेच थांबलो तर पैशांचं काय? विचित्र वाटेल, पण हा सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. पैसे बुडतील या भीतीने माणूस डोकेदुखी लपवतो.

या चारांची उत्तरं देताना कुणी हसून "टेन्शन नका घेऊ सर" एवढंच म्हणालं, तर टेन्शन घ्या.

नांदेड-लातूरहून तयारी

उंची इथे मिळत नाही, हे कळलं. मग इथे राहून काय करायचं?

एक, चढ-उतार. माहूरचा गड, बालाघाटातले घाट, काहीच नसेल तर मैदानाच्या पायऱ्या. खारदुंगला चॅलेंजमध्ये चाळीसएक किलोमीटरचा नुसता उतार आहे आणि उतारावर मांड्या पार मोडतात. उतार पळायचा सराव मुद्दाम करा. शर्यतीत अंदाज घ्यायचा असेल तर सातारा हिल हाफ मॅरेथॉन आहे, यवतेश्वरच्या घाटातली. हीसुद्धा २०१२ पासूनच सुरू आहे.

दोन, चालण्याची लाज सोडा. खिंडीच्या चढावर चांगले चांगले चालतात. झपाझप चालणं हा वेगळा सराव आहे, तो करा.

तीन, श्वासावर पळायला शिका. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा. घड्याळ लातूरच्या हवेत जुळवलेलं असतं, ते लेहला काही कामाचं नाही.

चार, जाण्याची वाट. दिल्लीहून लेहचं विमान सव्वा तासात तुम्हाला सव्वादोनशे मीटरवरून साडेतीन हजारावर नेऊन ठेवतं. शरीरासाठी हा धक्काच आहे. वेळ असेल तर श्रीनगरवरून रस्त्याने जा. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस अमृतसरपर्यंत जाते, तिथून जम्मू आणि श्रीनगर. श्रीनगर सोळाशे मीटरच्या आत, मधला मुक्काम कारगिल २,७०० मीटरच्या आसपास, मग आल्ची, मग लेह. जिन्याच्या पायऱ्यांसारखं. मनालीचा रस्ता फोटोंत भारी दिसतो, पण त्यावरचा सरचूचा मुक्काम लेहपेक्षाही उंच, ४,२०० मीटरच्या वर आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने तो टाळावा.

पाच, लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस काहीच करायचं नाही. पळायचं नाही, शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, दारू आणि झोपेच्या गोळ्या अजिबात नाहीत. पाणी तहानेप्रमाणे प्या. हवा कोरडी असते म्हणून जरा जास्त लागेल, पण धास्तीने पाच-सहा लिटर ढोसणंही वाईट.

मग साबळे उंचीवर का जातो?

हा प्रश्न हमखास येणार. आपल्या मराठवाड्याचा अविनाश साबळे, बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये, आणि सियाचीनसारख्या ठिकाणी ड्यूटी केली. पुढे स्टीपलचेसमध्ये उतरला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. त्याने सरावासाठी अमेरिकेतलं कोलोरॅडो स्प्रिंग्ज गाठलं होतं. ते सुमारे १,८०० मीटरवर आहे.

हे आपल्या विषयाच्या उलटं आहे, पण शास्त्र तेच. मध्यम उंचीवर काही आठवडे राहायचं, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवायच्या आणि शर्यत खाली येऊन पळायची. तिथे उंची हे औषध आहे, म्हणून मात्रा मोजून घेतात. ५,३०० मीटरवर कुणी वेग वाढवायचा सराव करत नाही. आणि साबळेसुद्धा तिथे वीकेंडला जाऊन येत नाही, आठवडे काढतो.

उंचीवर जन्मलं म्हणजे सगळंच जिंकलं असंही नाही. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली ती परभणीची ज्योती गवते. लडाखची जिग्मेट डोलमाही त्या शर्यतीत वरच्या क्रमांकांत होती. समुद्रकाठच्या दमट हवेत गोदावरीच्या खोऱ्यातली पोरगी पुढे होती. ज्याचं त्याचं मैदान असतं.

आता कॅलेंडर उघडा

सुरुवातीला म्हणालो होतो की जमेल का हे कॅलेंडरवर ठरतं. बघा, आपल्यासारख्या नोकरीवाल्यांना रजा किती मिळते? सोमवार ते शुक्रवार पाच, मागे-पुढे दोन शनिवार-रविवार, झाले नऊ दिवस. त्यात येण्याजाण्याचे तीन गेले. उरले सहा. बाजारातल्या ट्रिपा नेमक्या याच सहा दिवसांत बसवलेल्या असतात, कारण तेवढीच विकली जाते. मूत्रपिंडांना आपल्या एचआरचं धोरण माहीत नसतं.

म्हणून मोजून निर्णय घ्या. दोन आठवडे मिळत असतील तर लेहमध्ये हाफ मॅरेथॉन किंवा मॅरेथॉनचा विचार करा, आणि शर्यत ट्रिपच्या शेवटी ठेवा. खारदुंगलाचे ७२ किलोमीटर पहिल्या खेपेला नकोच. आधी एकदा तेवढ्या उंचीवर शरीर कसं वागतं ते बघून या. सहाच दिवस मिळत असतील तर लेहला जा, मोमो खा, सिंधूकाठी फिरा, चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी हळू तीन किलोमीटर पळा आणि परत या. तेही उंचीवरचं पळणंच आहे, आणि पुढच्या खेपेसाठी त्यातून तुमचा स्वतःचा डेटा हातात येतो.

आणि अँडीज? तो कुठे जात नाही. पण त्याचा पहिला धडा लेहला, तोही आपल्या भाषेत घरी फोन लावता येईल अशा अंतरावर गिरवता येत असेल, तर आधी तो गिरवा.

जायच्या आधी एक काम करा. सोबतच्या मित्राला आत्ताच सांगून ठेवा, "वर गेल्यावर मी ठीक आहे म्हणालो तरी मला सरळ रेषेत चालायला लाव." आणि त्यालाही तेच वचन द्या.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोवर पळत राहा, पण बोलता येईल एवढ्याच वेगाने. भेटू!